बैलाचे दात, बंदुकीची नळी

बैल घ्यायला निघालेला वऱ्हाडी शेतकरी बाजारात शिरल्या शिरल्या बैलाकडे पाहत नाही. आधी दावणीवरून दोन चकरा मारतो, चहा घेतो, मालकाच्या तोंडाकडे पाहतो. मग जवळ जाऊन जबडा उघडतो, दात मोजतो, खुरांवर नजर टाकतो, वशिंडावर हात फिरवतो, शंभर पावलं चालवून आणतो. ‘खोड काय आहे?’ हे विचारल्याशिवाय त्याचं बोट रुमालाखाली जात नाही. हे शहाणपण त्याला कुणी शिकवलेलं नसतं. चार पिढ्या फसून फसून ते घरात साठलेलं असतं.

हाच माणूस बंदूक घ्यायला जातो तेव्हा बदलतो. परवान्यासाठी तहसील, पोलीस ठाणं, जिल्हाधिकारी कचेरी अशा खेपा घालून तो इतका दमलेला असतो, की दुकानदाराने समोर ठेवलेली बंदूक त्याला विकत घ्यायची वस्तू वाटतच नाही, मिळालेलं बक्षीस वाटतं. तो नळीत डोकावत नाही, घोडा पाडून पाहत नाही, किमतीत घासाघीस करत नाही. ‘चांगली आहे ना, भाऊ?’ एवढं विचारतो आणि उत्तर काय येणार हे त्यालाही ठाऊक असतं.

यंदाच्या अंकाचा विषय ‘गिऱ्हाईक’. साडी, सोनं, सदनिका यांच्या गिऱ्हाइकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. वाशिम जिल्ह्याच्या शिवारात मात्र एक गिऱ्हाईक असं आहे, की त्याच्या खरेदीत चूक झाली तर पैसे तर जातातच, कधी बोटंही जातात.

जागल

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा, हा इथला मुख्य कारभार. या तिन्ही पिकांना बाजार समितीआधीची दोन गिऱ्हाइकं ठरलेली: रोही आणि रानडुक्कर.

रोही म्हणजे नीलगाय. ती कळपाने येते, कोवळे शेंडे खुडते आणि खाते त्याहून जास्त तुडवते. डुकरांची तऱ्हा वेगळी. पेरणी झाल्यावर ती तासाला तास धरून मातीत नाक घालतात आणि बी वेचतात. सकाळी शेतात गेलं की कुणी उलटा नांगर धरल्यासारखं दिसतं. म्हणून पेरणीनंतर आणि पुन्हा शेंग भरताना घरटी एक माणूस जागलीवर जातो. माळ्यावर कांबळं, हातात टॉर्च, शेजारी बडवायला पत्र्याचा डबा. कुणी बुजगावण्याला जुन्या साड्या नेसवतं, कुणी फटाके फोडतं, कुणी सौर कुंपणाचं झटका मशीन बसवतं. या सगळ्याला जनावर चार-आठ दिवसांत सरावतं. मग पारावर कुणीतरी म्हणतं, ‘काहून नाही काढत बापा बंदुकीचं लायसन?’

अर्जाच्या दिवशीच निम्मी खरेदी

बंदुकीची खरेदी दुकानात सुरू होते, हा पहिला गैरसमज. ती अर्जाच्या कागदावर सुरू होते, आणि तिथं जे लिहिलं जातं त्याला दुकानदारही बदलू शकत नाही.

शस्त्र अधिनियम १९५९चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६चे. ग्रामीण जिल्ह्यात परवाना देणारे जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारीच. अर्जदाराचं वय किमान २१ वर्षं लागतं. पोलिसांचा अहवाल येतो, प्रकृतीचा दाखला लागतो, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्रही लागतं. पीक संरक्षणासाठी मागणी असेल तर जमिनीचे कागद ओघानेच आले. स्वसंरक्षणाचा आणि खेळाचा परवाना नमुना ३मध्ये मिळतो. पिकांची नासाडी करणाऱ्या आणि माणसा-गुरांना इजा करणाऱ्या वन्यप्राण्यांच्या बंदोबस्तासाठीचा परवाना नमुना ४मध्ये. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आणि एका माणसाकडे तीनऐवजी जास्तीत जास्त दोनच शस्त्रं राहू शकतात.

खरी गोम कलम १३मध्ये आहे. पीक संरक्षणासाठी कायद्याने आधी पुढे केलेली बंदूक म्हणजे तोंडाने भरायची, ठासणीची. आपल्याकडे तिला भरमारही म्हणतात. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे व्यवहारात बारा बोअर, मंजूर करता येते. ही मुभा कायद्यातच लिहिलेली आहे. पण मागितल्याशिवाय कोण देणार?

ठासणीच्या बंदुकीचं चालणं पाहिलं की मागायचं का ते कळतं. नळीत मोजून दारू ओतायची, चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, छर्रे टाकायचे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. मग मागच्या निपलवर टोपी बसवायची. एवढं झालं की एक बार. तो चुकला तर पहिल्यापासून सुरुवात. तोवर डुकरांचा कळप नाला ओलांडून पलीकडच्या शिवारात. श्रावणात दारू सर्द होते आणि टोपी नुसती ‘फुस्स’ करते. दारू, टोप्या हेही परवान्याखालीच येतं. यात्रेतल्या फटाकेवाल्याकडून आणून भागवता येत नाही, आणि भागवूही नये. फटाक्याच्या दारूचा जोर बंदुकीच्या दारूसारखा नसतो आणि त्याचा अंदाज चुकला की नळी फाटते.

तेव्हा शहाणा अर्जदार अर्ज करतानाच लिहितो: शेत नाल्याला लागून आहे, कळप मोठा येतो, पावसाळ्यात ठासणीची बंदूक चालत नाही. सोबत नुकसानीचे पंचनामे जोडतो. बाकीचे ‘बंदूक मिळावी ही विनंती’ एवढंच लिहून मोकळे होतात आणि परवाना हातात आल्यावर दुकानदाराशी वाद घालतात.

परवाना मिळाला की तो नीट वाचायचा. शस्त्राचा प्रकार कोणता, काडतुसं एका वेळी किती, वर्षाला किती, क्षेत्र कुठवर, आणि राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदीतला अनन्य क्रमांक पडला आहे की नाही. क्षेत्र फक्त वाशिम जिल्ह्यापुरतं असेल आणि बंदूक दुसऱ्या जिल्ह्यातल्या शहरातून आणायची असेल, तर निघण्याआधी परवाना शाखेत विचारून लेखी घेतलेलं बरं. एसटीत मांडीवर कापडात गुंडाळलेली बंदूक आणि रस्त्यात नाकाबंदी, अशा वेळी ‘साहेब, दुकानदार म्हणाला चालतं’ हे वाक्य फार दुबळं ठरतं.

दुकान

बंदुकीचं दुकान बाकीच्या दुकानांसारखं गिऱ्हाइकाला हाक मारत नाही. पाटी लहान, दाराला जाळी, आत पोलादी कपाटं. दुकानदार आधी माल दाखवत नाही, ‘लायसन दाखवा’ म्हणतो. हे उर्मटपणाचं लक्षण समजू नये. कागद न पाहता जो बंदूक हातात देतो, त्याच्याकडून उठून यावं. विक्रेत्याला प्रत्येक शस्त्राची, प्रत्येक काडतुसाची वहीत नोंद ठेवावी लागते. ज्याची वही ढिली, त्याच्या मालाचा पूर्वेतिहासही ढिलाच असणार.

कपाटात साधारण तीन घराण्यांचा माल असतो. पहिलं सरकारी कारखान्यांचं. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या. बंदुका कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे गेल्या, दारूगोळा पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. जुने लोक अजूनही ‘ऑर्डनन्सची’ म्हणतात, आणि दुकानदारही तसंच म्हणतो. दुसरं घराणं बिहारमधल्या मुंगेरचं आणि जम्मूचं: परवानाधारक खासगी कारखान्यांच्या एकनळी, दुनळी. त्या स्वस्त पडतात. पण प्रत वर्कशॉपगणिक बदलते, म्हणून नाव वाचून भागत नाही, हातात घेऊन पाहावी लागते.

तिसरं घराणं विलायती. १९८०च्या दशकाच्या मध्यावर सर्वसामान्य नागरिकांसाठी बंदुकांची आयात बंद झाली. त्यामुळे देशात आधी आलेल्या वेब्ली-स्कॉट, ग्रीनर अशा जुन्या बंदुकांचा साठा तेवढाच राहिला आणि भाव चढत गेले. देशमुखांच्या वाड्यातली, राजा-महाराजांच्या शिकारखान्यातली, साहेब जाताना देऊन गेलेली, अशा कथा या मालाला चिकटलेल्या असतात. कथेचे पैसे द्यायचे की पोलादाचे, हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. नळीच्या बुडाशी बारीक ठसे असतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३पासून चालू आहे. तिथं जास्तीच्या दाबाचा बार उडवून नळी तपासत आणि उतरली की ठसा मारत. हे ठसे भिंगाखाली वाचता येतात. बंदूक कोणत्या दारूसाठी पास झाली आहे ते त्यांवरून कळतं. काही जुन्या नळ्यांवर सुंदर नागमोडी लहरी दिसतात. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या त्या दमास्कस नळ्या. बहुतेक काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजचं काडतूस त्यात घालणं म्हणजे आजोबांना कुस्तीच्या फडात उतरवणं. अशी बंदूक भिंतीवर शोभते, जागलीवर नको.

पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा मोह हा आणखी एक प्रकार. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं महिलांसाठीचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, तेव्हा सव्वा लाखाच्या आसपासची त्याची किंमत देशभर चर्चेत होती. २०२०मध्ये वेब्ली अँड स्कॉटने उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथं रिव्हॉल्व्हर बनवायला घेतलं. कमरेला लावून लग्नात मिरवायला या वस्तू दिसायला छान. सोयाबीनच्या तासात शिरलेल्या डुकराला त्यांचा धाक शून्य, आणि नमुना ४वर त्या मिळतही नाहीत.

नळीत डोळा

इथून पुढे बैलबाजार सुरू व्हावा.

पहिली गोष्ट दात मोजण्याआधीची. बंदूक हातात घेताच ती मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, रिकामी आहे हे आपल्या डोळ्यांनी पाहायचं. दुकानदाराने आत्ताच पाहिलं असलं तरी. नळीचं तोंड जमिनीकडे किंवा छताकडे, चापावर बोट नाही. जे गिऱ्हाईक एवढं करतं, त्याच्याशी दुकानदार पुढे वेगळ्या भाषेत बोलतो.

मग नळ्या सुट्या करून दाराच्या उजेडाकडे धरायच्या. आतली भिंत आरशासारखी लखलखली पाहिजे. काळे ठिपके दिसले तर तेलाचा मळ आहे की गंजाचे खड्डे हे चिंधी फिरवल्यावर कळतं. मळ निघतो, खड्डा राहतो. नळी हळूहळू फिरवली की आत सावलीची वर्तुळं सरकतात. ती गोल आणि सारखी असतील तर नळी सरळ. एखाद्या जागी वर्तुळ तुटलं, वाकडं झालं, तर तिथं पोचा आहे नाही तर फुगवटा. पोचा कारागीर काढू शकतो. फुगलेली नळी म्हणजे तिच्या पोटात कधीतरी काहीतरी अडकलं होतं आणि तरीही बार उडवला गेला होता. किंमत निम्मी केली तरी ती घेऊ नये.

दुनळीच्या दोन्ही नळ्या मधल्या पट्टीला झाळून जोडलेल्या असतात. बुडाशी असलेल्या आकड्याला बोट अडकवून नळ्या टांगत्या धरायच्या आणि नखाने किंवा लाकडाने टिचकी मारायची. कुंभाराकडे मडकं घेताना बायका वाजवून पाहतात, तसंच हे. टण्ण असा लांबलेला नाद आला तर जोड पक्का. बद्द वाजलं तर झाळ सुटलेली.

पुन्हा जोडून बंद केली की बंदूक उजेडाच्या आडवी धरायची. नळीचं बूड आणि मागची भिंत यांच्यामधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. पुढचं लाकूड काढून, बंद बंदूक दस्त्याला धरून हलकेच हलवायची. बिजागरी झिजलेली असेल तर हाताला खडखड जाणवते. स्क्रूची डोकी पाहायची. खाचा कुरतडलेल्या असतील तर गावठी पेचकसाने बऱ्याच जणांनी तिचं पोट उघडलेलं आहे. दस्त्याला मुठीच्या जागी बारीक चीर आहे का? नव्या पॉलिशखाली चीर लपते, म्हणून तिथं नख फिरवायचं. घोडा आणि चाप तपासायला खरं काडतूस लागत नाही. डमी काडतुसं असतात, ती दुकानदाराकडे मागायची. रिकाम्या नळीवर वारंवार घोडा पाडला तर पिन तुटू शकते, म्हणून तोही आधी कुरकुरतो. डमी आहेत म्हटल्यावर त्याची तक्रार संपते.

शेवटी बंदूक अंगाला बसते का ते. खांद्याला लावून डोळे मिटायचे, गाल दस्त्यावर टेकवायचा, डोळे उघडायचे. नजर नळीच्या मधोमध गेली तर ती आपली. साहेबाच्या लांब हातासाठी केलेला दस्ता वऱ्हाडातल्या मध्यम बांध्याच्या माणसाला खुपतो. मग तो बंदूक काखेत धरून बार टाकतो, आणि महिनाभर खांदा काळानिळा दाखवत फिरतो.

एवढं सगळं व्हायला अर्धा तास लागतो. चपला घ्यायलाही तेवढा जातोच.

मग क्रमांक. नळीवर, बुडावर कोरलेला निर्मात्याचा क्रमांक, परवान्यावर चढवलेला क्रमांक आणि पावतीवरचा क्रमांक तिन्ही अक्षर-अक्षर जुळले पाहिजेत. ओळखखुणा नसलेलं किंवा त्या खोडलेलं शस्त्र विकायला कायद्यानेच बंदी आहे. तीनचा आठ झालेला कारकुनी घोटाळा पुढे नूतनीकरणाच्या वेळी उगवतो, आणि तेव्हा सिद्ध करायचं ओझं गिऱ्हाइकाच्याच डोक्यावर. पावती पक्की, कराच्या क्रमांकासह. ‘कच्ची घेतली तर थोडं कमी करतो’ हा सौदा धान्याच्या अडतीला चालत असेल.

पाच मिलिमीटर

बारा बोअर म्हणजे काय, हे बंदूक बाळगणाऱ्या अनेकांना सांगता येत नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस बोअरची गोळी म्हणून लहान. म्हणूनच वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरत आत जातं आणि पुढे अडकून बसतं; नळी रिकामी वाटते, माणूस मागून बाराचं घालतो, आणि बार उडतो तो हातातच. घरात दोन बोअरच्या बंदुका असतील तर काडतुसं एका डब्यात कधीच ठेवू नयेत.

त्याहून छुपा धोका लांबीचा. जुन्या बंदुकांचं काडतूसघर ६५ मिलिमीटरचं असतं, नव्यांचं ७०चं किंवा त्याहून लांब. काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतर तोंड उलगडलेल्या नळकांडीची असते. न उडवलेल्याचं तोंड मुडपलेलं, त्यामुळे ते आखूड. सत्तरचं काडतूस पासष्टच्या घरात अगदी सहज बसतं, बंदूकही बंद होते. उडताना मात्र उलगडायला जागा पुरत नाही, तोंड पुढच्या अरुंद भागात शिरतं, दाब वाढतो. एका बाराने कदाचित काही होणार नाही. पन्नासाव्याला होईल. ‘बसतं ना, मग चालतं’ हा आपला सर्वमान्य अभियांत्रिकी सिद्धांत इथं भरवशाचा नाही. नळीच्या बुडाशी कोरलेली लांबी वाचायची, तिथं काही नसेल तर कारागिराकडून मोजून घ्यायची, आणि मगच खोका मागायचा.

काडतुसं बहुधा महाराष्ट्रातलीच निघतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासूनचा. बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसं गावोगावच्या परवानाधारकांना नावाने ठाऊक आहेत. नंबर जसा वाढतो तसा छर्रा बारीक होत जातो. आठ नंबर राईसारखा, एलजी म्हणजे मोजके पण वाटाण्याएवढे टपोरे. कोणता हवा हे न सांगता ‘एक डबा द्या’ म्हटलं की दुकानात जो पडून आहे तो मिळतो. खोक्यावरचं साल वाचावं. पितळेच्या बुडावर हिरवट थर, फुगलेली नळकांडी, सैल झालेलं तोंड असं एकही दिसलं तर खोका परत. आणि परवान्यावर किती काडतुसं चढवली ते काउंटर सोडण्याआधी मोजावं. दिली वीस आणि लिहिली पंचवीस, तर उरलेल्या पाचांचा हिशेब मागणारा माणूस खाकीत येतो.

वडिलांची बंदूक

नव्या बंदुकीपेक्षा जुनी घेणारे पुष्कळ, आणि त्यातही सर्वांत चांगला माल बऱ्याचदा वारसांकडून येतो. परवानाधारक वारला की घरच्यांना ती बंदूक तशीच ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. मुलगा पुण्याला नोकरीला, सून म्हणते घरात नको, नातवाला ती व्हिडिओत पाहायला पुरे. मग ती दुकानात वर्षानुवर्षं पडून राहते आणि ठेवणावळ चढत जाते. अशा घरची बंदूक दसऱ्याला खंडेनवमीच्या पूजेत हळदकुंकू लागलेली असते; क्वचितच उडवलेली, नळी चांगली, पण तेलाविना ठेवलेली. विकणाऱ्याला सोडवायची घाई असते. घासाघीस करायची तर इथं.

दुकानाशिवाय थेट घेता येते का? येते. परवानाधारक आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकू शकतो, पण आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यावा लागतो, आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. हा दीड महिना बरेच जण वाया गेलेले दिवस समजतात. वास्तविक घेणाऱ्याला ती बंदूक कारागिराला दाखवायला, कागद उलटसुलट करायला याहून चांगली सवड नाही.

बाहेरून आणून देतो

परवाना लांबला की एजंट भेटतो. त्याची ओळख नेहमी ‘वरपर्यंत’ असते. दुसऱ्या राज्याचा परवाना काढून देतो, तुम्हाला जायचीही गरज नाही, फक्त फोटो द्या. या वाटेने गेलेल्यांचं काय होतं याचं मोठं उदाहरण जम्मू-काश्मीरचं. २०१२ ते २०१६ या काळात तिथून अपात्र लोकांना वाटलेल्या परवान्यांचा आकडा केंद्रीय अन्वेषण विभागाने २ लाख ७८ हजारांवर सांगितला, आणि तपास थेट सनदी अधिकाऱ्यांपर्यंत गेला. ज्याने पैसे मोजून असा कागद आणला, त्याच्याकडची बंदूकही त्या कागदाबरोबरच संशयात येते.

दुसरी वाट गावठी कट्ट्याची. तिच्यात गिऱ्हाईक म्हणून शहाणपण दाखवायला जागाच नाही: बिनपरवाना शस्त्र बाळगण्याला २०१९नंतर किमान दोन वर्षांची कैद आहे, आणि पाण्याच्या पाइपची नळी कोणाच्या बाजूने फुटेल हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तिसरी वाट कायदेशीर आणि स्वस्त: छर्ऱ्याची एअरगन. ०.१७७ इंचापर्यंतचा बोअर आणि २० ज्यूलपर्यंतचा जोर असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. विक्रेता ‘पावरवाली’ म्हणून याहून जोरकस देऊ लागला तर ती परवान्याच्या कक्षेत जाते, म्हणून खोक्यावरचे हे दोन आकडे वाचायचे. डुकराच्या कातडीला मात्र या छर्ऱ्याची खाजही येत नाही. आणि पाखरांवर चालवाल तर वन्यजीव कायदा वाट पाहतोच आहे. प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइड घालून आवाज काढणाऱ्या गनबद्दल एवढंच: मध्य प्रदेशात दिवाळीत तिने मुलांचे डोळे भाजले.

बंदूक घरी आल्यावर

बंदूक घेतली म्हणजे डुक्कर मारायची परवानगी मिळाली, असं मानणारे परवानाधारक जिल्ह्यात कमी नाहीत. शस्त्र परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा. शिकारीची परवानगी वन विभागाची. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा २०२२ साली बदलला आणि १ एप्रिल २०२३पासून रोही, रानडुक्कर दोन्ही त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आले. उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. तोवर बंदुकीचं काम आवाजाचं.

कारंजा तालुक्यात यावर आणखी एक कडी आहे. कारंजा-सोहोळ हे काळविटांचं अभयारण्य. काळविटांना अभयारण्याची हद्द कळत नाही, सोयाबीनचा कोंब कळतो. पण काळवीट पहिल्या अनुसूचीतलं जनावर. पिकाच्या नुकसानीसाठी त्याच्या शिकारीची परवानगी मिळतच नाही. तिथल्या शेतकऱ्याने बारा बोअरवर पैसे घालण्याआधी आपलं पीक नेमकं कोण खातं हे पहाटे खुरांच्या ठशांवरून पाहावं. ठसे काळविटांचे निघाले तर तोच पैसा कुंपणाला आणि उरलेला वेळ नुकसानभरपाईच्या अर्जाला.

घरात आल्यावर बंदूक कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. नळ्या वापरानंतर गजाने पुसून तेलाचा पुसट हात. पावसाळा संपताना एकदा नळीत डोकावायचंच, कारण कुंभारमाशीला बोटभर रुंदीची अंधारी पोकळी फार आवडते. तिने आत मातीचं घर बांधलेलं असलं आणि कुणी न पाहता बार टाकला, की मघाचा फुगवटा तयार. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायचा मोह भावकीकडून येतो. निष्काळजीपणे काढलेल्या अशा बाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि परवाना जातो तो वेगळाच.

मग येते निवडणूक. कुणाची शस्त्रं जमा करून घ्यायची हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते आणि ठाण्यातून निरोप येतो. २०२४च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला झालं. रिसोड, वाशिम, कारंजा या तिन्ही मतदारसंघांत त्या दिवसांत हरभरा उगवत होता आणि तूर फुलोऱ्याला, शेंगेला येत होती. जमा करताना शहाणा माणूस नळ्यांना जाडसर तेल लावतो, बंदूक जुन्या चादरीत शिवून देतो, पावतीवर क्रमांकाबरोबर दस्त्यावरचा ओरखडाही लिहून घेतो. परत घेताना ठाण्याच्या ओट्यावरच नळी उजेडाला धरून पाहतो. हवालदार हसतो, ‘काय हो काका, आम्ही काय उडवली का?’ काका उत्तर देत नाही, दुसऱ्या नळीत डोळा घालतो.

तोवर शेतावर थोरला मुलगा जागलीला असतो. टॉर्चच्या उजेडात नाल्याकाठी दोन डोळे चमकले की तो पत्र्याचा डबा उचलतो आणि काठीने बडवायला लागतो. पलीकडच्या धुऱ्यावरून शेजाऱ्याचा डबा वाजतो, मग त्याच्या पलीकडचा. कळप तिथून उठून अजून कुणीच जागं नसलेल्या वावराकडे निघतो.